रोजचा एक निखर्व

शाळेत संख्यांची नावं शिकताना आपली गाडी कोटीपाशी थांबते, फार तर अब्जापर्यंत रखडत जाते. पुढची खर्व, निखर्व, महापद्म, शंकू ही मंडळी पाठांतर स्पर्धेपुरती. बँकेत, बाजारात, सातबाऱ्यावर त्यांची गाठ पडत नाही. भास्कराचार्यांनी इ.स. ११५० मध्ये ‘लीलावती’ लिहिली आणि तीत ही नावं ओळीने नोंदवून ठेवली, एकापासून थेट परार्धापर्यंत. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या नातवाच्या, चांगदेवाच्या मठाचा शिलालेख आहे (ज्ञानदेवांना कोरं पत्र पाठवणारे योगी चांगदेव वेगळे, त्यांच्याकडे पुढे येऊ). तो शिलालेख आठवला की मला हमखास प्रश्न पडायचा, की एकावर अकरा शून्यांना वेगळं नाव द्यायची गरज बाराव्या शतकात कुणाला पडली असेल? एवढं मोजायचं तरी काय होतं?

ऑक्टोबर २०२० मध्ये मार्क झुकरबर्गने सांगितलं, की व्हॉट्सअ‍ॅपवरून रोज साधारण १०० अब्ज मेसेज जातात. दहा हजार कोटी. ‘लीलावती’च्या हिशेबात बरोबर एक निखर्व, आणि तोही रोजचा.

हा आकडा डोक्यात मावत नाही, म्हणून त्याचे तुकडे करून पाहू. दर सेकंदाला साडेअकरा लाख मेसेज. आपलं साधं पोस्टकार्ड चौदा सेंटिमीटर लांब असतं. एका दिवसाचे मेसेज एकेका पोस्टकार्डावर उतरवून कार्डं टोकाला टोक लावून मांडली, तर १ कोटी ४० लाख किलोमीटरची माळ होईल. चंद्रापर्यंत जाऊन परत यायचं म्हटलं, तर अठरा खेपा. पोस्टकार्ड पन्नास पैशांचं, म्हणजे टपाल खात्याच्या दराने एका दिवसाचं बिल ५,००० कोटी रुपये. आणि हे सगळं एकट्याने वाचायला बसलात, एका मेसेजला पाच सेकंद दिले, झोप नाही, जेवण नाही, तर एका दिवसाचे मेसेज संपायला १५,८०० वर्षं लागतील. आज संपवायचं असतं, तर माणसाने शेती सुरू करण्याच्या कितीतरी आधी वाचायला बसायला हवं होतं.

आपल्या देशाचा वाटाही किरकोळ नाही. ३१ डिसेंबर २०१९ या एका दिवशी भारतातून २,००० कोटी मेसेज गेले, म्हणजे दोन खर्व. याच्या शेजारी आपली जुनी तार ठेवून पाहा. भारतात तारेचा बहर १९८५ चा मानला जातो. तेव्हा देशभरातल्या ४५,००० तार कार्यालयांतून वर्षाला सहा कोटी तारा येत-जात. त्या ३१ डिसेंबरच्या वेगाने सहा कोटी मेसेज जायला किती वेळ लागला असेल? चार मिनिटं एकोणीस सेकंद. मुंबईच्या हुतात्मा चौकातल्या सेंट्रल टेलिग्राफ ऑफिसपासून खेड्यातल्या टपाल कचेरीपर्यंत सगळ्यांनी मिळून वर्षभर केलेली कडकट्ट, आणि इकडे अजून चहाला आधणही आलेलं नाही.

इथपर्यंत आ वासून झाला असेल, तर आता एक साधा भागाकार. २०२० च्या फेब्रुवारीत व्हॉट्सअ‍ॅपने आपले वापरकर्ते २०० कोटी झाल्याचं जाहीर केलं होतं. एक निखर्व भागिले दोनशे कोटी. उत्तर येतं पन्नास.

पन्नास! एवढा गाजावाजा केलेला निखर्व माणशी पन्नासावर येऊन बसतो. आपल्या सोसायटीचा ग्रुप पाण्याच्या टँकरवरून पेटला की पंधरा मिनिटांत पन्नास होतात. मग तक्रार कसली? पण हे पन्नास जागेपणाच्या सोळा तासांवर सारखे पसरा. दर एकोणीस मिनिटांनी एक येतो. आता दुसरा आकडा घ्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या ग्लोरिया मार्क यांनी वर्षानुवर्षं ऑफिसातल्या माणसांच्या मागे घड्याळ घेऊन बसून निरीक्षणं केली आहेत. हातातलं काम मोडलं की त्याच कामावर परत यायला माणसाला सरासरी २३ मिनिटं १५ सेकंद लागतात, असं त्यांना दिसलं. येणं एकोणिसाला, सावरणं तेविसाला. बाईसाहेबांचा आकडा ऑफिसचा आणि माझा भागाकार दिवसभराचा, त्यामुळे दोन्हींची गाठ मारणं काटेकोर नव्हे, हे मान्य. तरी उधारीची वही कशी चढत जाते, ते यातून कळतं.

ऑफिसात तर दर एकोणीस मिनिटांनी ही चैनच म्हणायची. मायक्रोसॉफ्टने २०२५ मध्ये आपल्याच सॉफ्टवेअरमधून गोळा केलेली आकडेवारी मांडली. सरासरी कर्मचाऱ्याला दिवसाला ११७ ईमेल आणि टीम्सवर १५३ मेसेज. ज्यांच्यावर सर्वांत जास्त मारा होतो अशा वीस टक्के लोकांना कामाच्या वेळात दर दोन मिनिटांनी काहीतरी आडवं येतं, ईमेल, मेसेज नाहीतर मीटिंग. दिवसाला २७५ वेळा.

आता काही उत्साही लोक इथे २७५ ला २३ ने गुणतात. गुणाकार १०५ तासांवर जातो आणि दिवस असतो चोवीस तासांचा. हे गणित चुकीचं आहे, आणि ते का चुकतं हे पाहण्यासारखं आहे. मार्क यांच्या तेवीस मिनिटांत माणूस भिंतीकडे बघत बसलेला नसतो. तो मधल्या मध्ये सरासरी दुसरी दोन कामं करत असतो. तिसऱ्याने मोडलेलं, चौथ्याने सोपवलेलं. काम चालूच असतं, फक्त जे काम करायला तो सकाळी बसला होता, ते सोडून. २००८ मध्ये मार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात याहून चमत्कारिक गोष्ट दिसली. ज्यांना मध्ये मध्ये टोकलं, त्यांनी दिलेलं काम उलट लवकर संपवलं आणि दर्जाही घसरला नाही. वाढला तो ताण, चिडचिड आणि जीव काढून काम केल्याची भावना. या एका निष्कर्षात ऑफिसांचा अर्धा गोंधळ आहे असं मला वाटतं. साहेबाच्या तक्त्यावर सगळं हिरवंच दिसतं. झीज झालेली असते ती तक्त्यात रकाना नसलेल्या ठिकाणी.

याच मार्क यांच्या मोजणीत, माणूस पडद्यावरच्या एका गोष्टीवर सलग किती वेळ टिकतो, हा आकडा २००४ मध्ये अडीच मिनिटं होता. २०१२ च्या सुमारास तो सव्वा मिनिटावर आला आणि अलीकडे ४७ सेकंदांवर. आता कुणी मेसेज पाठवायचीसुद्धा गरज उरलेली नाही, आपणच आपल्याला टोकतो. संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ च्या त्यांच्या अभ्यासात दाखवलं, की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं तरी मनाचा थोडा भाग पहिल्याला चिकटून राहतो. कणीक मळता मळता फोन उचलावा तसं आहे हे. बोलणं कानाशी, आणि फोनलाही पीठ.

तारेकडे पुन्हा एकदा जाऊ, कारण तिच्याकडे एक गोष्ट होती जी आपण घालवली. तार शब्दांवर पैसे घ्यायची. ‘मदर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली’ हे चार शब्द लिहिणारा मनात बेरीज करत असे. खिडकीवर उभं राहून लोक शब्द खोडत. शुभेच्छांसाठी तर खात्याने ठरावीक वाक्यांना क्रमांक देऊन ठेवले होते, नुसता क्रमांक सांगायचा. खर्च पाठवणाऱ्याचा होता, म्हणून विचारही पाठवणारा करायचा. १९९२ च्या डिसेंबरात पहिला एसएमएस गेला, त्यालाही १६० अक्षरांचं कुंपण होतं. २०११ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने नको असलेल्या जाहिराती रोखायला एका सिमवरून दिवसाला शंभर एसएमएसची मर्यादा घातली, पुढे ती दोनशे केली. दोनशे म्हणजे कुणाही शहाण्या माणसाला पुरून उरतील, असं तेव्हा वाटत होतं! मेसेज फुकट झाला आणि बिल गुपचूप दुसऱ्या पत्त्यावर जायला लागलं. आता पैसे मोजतो तो वाचणारा, आणि मिनिटांत मोजतो.

हे मिनिटांचं बिल सर्वांत जास्त कुणाच्या दारात येत असेल, तर क्लायंट सांभाळणाऱ्याच्या. समजा, पुण्यात नारायण पेठेत एक बाई एकटीच डिझाइनचं काम करतात. नऊ क्लायंट. प्रत्येक जण दिवसाला फक्त चार मेसेज पाठवतो, ‘लोगो जरा मोठा होईल का’ छापाचे. कुणीही त्रास देत नाहीये, चार म्हणजे काय जास्त झाले? एकेका मेसेजचं निवारण करायला सरासरी दहा मिनिटं. छत्तीस गुणिले दहा, सहा तास. आठ तासांच्या दिवसात बसलं की. दोन तास उरलेसुद्धा.

इथे डेन्मार्कचा एक गणिती आठवतो, अ‍ॅग्नर एर्लांग. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत तो नोकरीला होता आणि किती फोन एकदम आले तर किती तारा आणि किती ऑपरेटर लागतील, हे कोडं सोडवत होता. १९०९ मध्ये त्याचा पहिला निबंध आला आणि त्यातून पुढे रांगांचं अख्खं शास्त्र उभं राहिलं. त्या शास्त्राचं सर्वांत सोपं सूत्र बाईंना लावू. माणूस जेवढा गुंतलेला, त्याला तो जेवढा मोकळा त्याने भागायचं. जे उत्तर येईल तितक्या पट थांबावं लागतं. मेसेज वेळी-अवेळी येतात आणि कुठला दोन मिनिटांचा, कुठला अर्ध्या तासाचा, हे त्यात गृहीत आहे. बाई ७५ टक्के गुंतलेल्या, २५ टक्के मोकळ्या. पंचाहत्तर भागिले पंचवीस, तिप्पट. दहा मिनिटांच्या कामासाठी क्लायंट सरासरी तीस मिनिटं थांबतो. ठीक चाललंय.

दिवाळी तोंडावर आली आणि बाईंनी आणखी दोन क्लायंट घेतले. चव्वेचाळीस मेसेज, ४४० मिनिटं. आठ तासांची ४८० मिनिटं होतात, म्हणजे कागदावर अजून चाळीस मिनिटं हातात आहेत. पण थांबण्याचा वेळ? ४४० भागिले ४०, अकरा पट. तीस मिनिटांचे एकशेदहा झाले. क्लायंट वाढले नवाचे अकरा, प्रतीक्षा जवळजवळ चौपट. आणि बारावा आला की? अठ्ठेचाळीस मेसेज, ४८० मिनिटं, मोकळा वेळ शून्य. शून्याने भागायचं. उत्तर अनंत. तिथे निखर्व तर सोडाच, भास्कराचार्यांचा परार्धही पुरत नाही. (शून्याने भागलं की काय होतं याचा विचार त्यांनीही केला होता, त्याला ते ‘खहर’ म्हणत.) बारा क्लायंट, चार-चार मेसेज, आणि नारायण पेठेत अनंत अवतरतं. शिवाय यात प्रत्यक्ष डिझाइन करायला अजून सुरुवात झालेली नाही. एकशेदहा मिनिटं थांबलेला माणूस हात जोडून बसत नाही. तो ‘??’ पाठवतो, मग ‘रिमाइंडर’, मग फोन करून विचारतो की मेसेज बघितला का. रांगेत उभा राहून तो रांगच लांब करतो.

योगायोग असा, की १९८६ मध्ये एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी एक संगणकी भाषा तयार व्हायला लागली, तिला एर्लांगचंच नाव मिळालं, आणि व्हॉट्सअ‍ॅपचे सर्व्हर त्याच भाषेत चालतात. २०१२ च्या सुरुवातीला कंपनीने अभिमानाने सांगितलं होतं, की एकेका सर्व्हरवर वीस लाखांहून जास्त जोडण्या एका वेळी उघड्या राहतात. तिकडच्या यंत्राला वीस लाख माणसं एकदम पेलतात आणि इकडच्या माणसाला एक. तारेच्या दोन्ही टोकांना एर्लांग बसलेला आहे, एकीकडे त्याच्या नावाची भाषा आणि दुसरीकडे त्याचं सूत्र.

क्लायंटच्या मेसेजांत माझा खास राग आहे तो नुसत्या ‘हाय’वर. ‘हाय सर.’ मग वर ‘टायपिंग’ असं दिसतं, मग ते जातं. पुढचं वाक्य वीस मिनिटांनी येतं, तोवर तुम्ही घसा खाकरून उभे. चांगदेवांनी ज्ञानदेवांना कोरं पत्र धाडलं, पण त्यांचा पेच खरा होता. आपण चौदाशे वर्षांचे, समोरचा पोरगा वयाने लहान आणि ज्ञानाने मोठा, मायना काय घालावा? त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून पासष्ट ओव्या आल्या. आपल्याकडे दिवसाला दहा कोरी पत्रं येतात आणि उत्तरादाखल आपण लिहितो, ‘येस सर’.

ग्रुप ही याच्या पुढची पायरी. ‘सगळे एका जागी असले की बरं’ म्हणून क्लायंट ग्रुप काढतो. पाच माणसांत आपापसातल्या जोड्या होतात दहा. क्लायंटकडचे सात जण आले की माणसं बारा, जोड्या सहासष्ट. फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये सॉफ्टवेअरवाल्यांना हे बजावलं होतं: रखडलेल्या कामात माणसं वाढवलीत तर ते आणखी रखडेल. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपची मर्यादा २०२२ मध्ये १,०२४ वर गेली. त्यात जोड्या होतात ५,२३,७७६. अशा भरलेल्या ग्रुपात प्रत्येकाने एकदाच, फक्त एकदाच, ‘शुभ सकाळ’ म्हटलं, तर १०,४७,५५२ वेळा कुणाच्या तरी खिशात काहीतरी वाजतं. सकाळ शुभ होते की नाही, देव जाणे.

हिंजवडीतल्या मंडळींचा हिशेब आणखी वेगळा, कारण त्यांचा क्लायंट झोपतो तेव्हा दुसरा उठतो. उन्हाळ्यात लंडनचं नऊ ते पाच म्हणजे आपलं दुपारी दीड ते रात्री साडेनऊ. न्यूयॉर्कचं संध्याकाळी साडेसहा ते रात्री अडीच. कॅलिफोर्नियाचं रात्री साडेनऊ ते पहाटे साडेपाच. यात सकाळी साडेनऊला उघडणारं आपलं स्वतःचं ऑफिस घाला. चोवीस तासांपैकी वीस तास कुणाचं ना कुणाचं तरी दुकान उघडं. उरतात पहाटे साडेपाच ते सकाळी साडेनऊ, आणि त्यात मुलाची स्कूलबस. वर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळं मागे जातात. वाकड चौकातल्या माणसाने आपल्या घड्याळाला बोटसुद्धा लावलेलं नसतं, पण सोमवारपासून त्याचं जेवण तासभर पुढे सरकतं.

यावर कायद्याचा इलाज फ्रान्सने २०१७ पासून केला, ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये. कामाची वेळ संपल्यावर उत्तर न देण्याचा हक्क, असं त्याचं स्वरूप. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत असं खासगी विधेयक मांडलं होतं. स्वातंत्र्यानंतर आजवर संमत झालेली खासगी विधेयकं चौदा, आणि त्यातलं शेवटचं १९७० चं. आकडा लहान आहे, पण बोलका आहे.

आणि या सगळ्या पसाऱ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट वाचल्यावर मी तर कपाळावर हात मारला होता. २००९ मध्ये यान कूमने व्हॉट्सअ‍ॅप काढलं ते मेसेज पाठवायला नव्हेच. तो व्यायामशाळेत असताना त्याचे फोन चुकायचे. म्हणून त्याला असं अ‍ॅप हवं होतं, की फोनमधल्या प्रत्येक नावाशेजारी तो माणूस आत्ता काय करतोय ते दिसेल, म्हणजे समोरच्याला आधीच कळेल की आत्ता फोन करण्यात अर्थ नाही. त्याच वर्षी अ‍ॅपलने आयफोनवर सूचना वाजवायची सोय दिली. कूमच्या मित्रांनी आपली स्थिती बदलली की ती सगळ्यांच्या फोनवर टिंग करायची. मग लोक त्या स्थितीच्या ओळीतूनच एकमेकांना टोमणे मारू लागले, उत्तरं देऊ लागले, आणि कूमच्या ध्यानात आलं की आपल्या हातून भलतंच काहीतरी तयार झालंय. पाच वर्षांनी फेसबुकने ते १९ अब्ज डॉलरला घेतलं, तेव्हा पंचावन्न कर्मचारी पंचेचाळीस कोटी लोकांचा संसार सांभाळत होते. एकाच्या वाट्याला ब्याऐंशी लाख.

त्या मूळच्या स्थितींची यादी अजून आहे. सेटिंगमध्ये स्वतःच्या नावावर बोट ठेवा, खाली स्वतःविषयीची ओळ दिसते, तिच्यावर टिचकी मारली की तयार पर्याय उघडतात. उपलब्ध. कामात. शाळेत. बॅटरी संपत आलीय. मीटिंगमध्ये. जिममध्ये. झोपलोय. फक्त तातडीचे फोन. परवा मी ‘कामात’ निवडून ठेवलं. चार मिनिटांनी एका क्लायंटचा मेसेज आला, ‘हाय सर’.